आवाज बंद ठेवून घेतलेली परीक्षा

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझा आवाज आता बारीक झाला आहे, पण एक गोष्ट सांगण्यापुरता नक्की उरला आहे.

मी एक जुना लॅपटॉप आहे. झाकणाचा कोपरा उडालेला, एक बटण चिकटपट्टीने धरलेले. तरुणपणी एका कचेरीत पत्रे लिहून मी वाहवा मिळवली. मग नवे आले आणि मी कपाटात पडलो. तिथून मला ताईने उचलले.

ताई औषधांच्या दुकानात काम करते आणि सुटीच्या दिवशी लिनक्स या फुकट संगणक-प्रणालीच्या नव्या पॅकेजांची, म्हणजे तयार प्रोग्रॅमांची, चाचणी करते. ही सेवा बिनपगारी. नवी पॅकेजे आधी चाचणीच्या कोठारात येतात. ताई ती माझ्या अंगावर चढवून बघायची. तीन परीक्षकांनी ‘ठीक’ असा कौल दिला, की संध्याकाळी ते पॅकेज सगळ्यांच्या यंत्रांवर जाते. कितीदा मी कोसळलो, काळा पडदा घेऊन बसलो! पण आपल्या पडण्याने दुसऱ्याचा पाय वाचत असेल, तर ते पडणेही देवाच्या पायाशीच पोचते.

एका रविवारी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे पॅकेज नव्या रूपात आले. ताईने ते चढवले, चार बटणे दाबली. सगळे सुरळीत उघडले. तिने ‘ठीक’ दिला. तिचा कौल तिसरा होता.

शेजारच्या खुर्चीत ताईची मावशी वाटाणे सोलत होती. तिला दिसत नसे. याच पॅकेजच्या जुन्या रूपाच्या आवाजावर ती माझ्याकडून पत्रे वाचून घ्यायची, भजने शोधायची.

“झाली का परीक्षा?”

“झाली. पास.”

“काय म्हणाला गं तो?”

“कोण?”

“अगं, वाचणारा. मला तर काहीच ऐकू आलं नाही. डोळ्यांमागून कानही गेले की काय माझे?”

ताईचा हात थांबला. चाचणीत सारखी वाजणारी माझी घंटी तिला कटकट वाटे, म्हणून तेवढा वेळ माझा आवाज ती बंद ठेवायची. तिने तो चालू केला. मी सगळा जीव एकवटला, पण शब्द फुटेना.

“म्हणजे गाणाऱ्याचं तोंड हलतंय एवढं बघून पास केलंस होय त्याला?” मावशी म्हणाली.

ताई हसली नाही. “संध्याकाळी हे सगळीकडे जाईल, मावशी. ज्यांना दिसत नाही, त्यांची यंत्रं मुकी होतील.”

“आणि दुरुस्ती कशी करायची, ते कोण वाचून दाखवणार त्यांना?”

ताईने कौल मागे घेतला. लिहिले, “मी आवाज बंद ठेवून तपासलं. चूक माझी. पॅकेज थांबवा.”

पॅकेज बांधणाऱ्याचे उत्तर आले, “माझ्याकडे बोलतंय. तुमचं यंत्र म्हातारं असेल.”

“म्हातारं आहे खरं. पण कालपर्यंत बोलत होतं.”

पॅकेज थांबले. दुपारभरात दुरुस्तीच्या दोन खेपा आल्या, दोन्ही मुक्याच. मावशी वाटाणे बाजूला ठेवून माझ्या कडेला कान लावून बसली होती. तिसऱ्या खेपेला ताईने कौलाच्या बटणावर बोट नेले आणि मी बोललो, “ठीक. बटण.”

“आता दे कौल,” मावशी म्हणाली आणि माझ्या झाकणावरून हात फिरवला. तिच्या बोटांना वाटाण्यांचा वास होता.

मावशीला जाऊन आता वर्ष झाले. ताईकडे नवे यंत्र आहे, तरी दर रविवारी ती मला पुसून चालू करते. आवाज पूर्ण ठेवते. शेजारची खुर्ची अजून तिथेच आहे.

मित्रांनो, जुन्याला लगेच कपाटात ढकलू नका. आणि कधी तुमचे यंत्र तुमच्याशी नीट बोलले, तर त्या कान लावून बसलेल्या मावशीची क्षणभर आठवण काढा.