रेषेपुढची पावलं

दहा मीटर

"पास?" मी विचारलं.

कॉन मावरिडिसनं कागदी माणसाच्या छातीवरची भोकं बोटानं चाचपली. सगळी एका बशीत मावतील एवढी जवळजवळ होती. मग तो जमिनीकडे बघत राहिला.

"नापास."

"डोळे तपासून घे, कॉन."

"तूच डोळे खाली आण. बूट बघ कुठे आहेत तुझे."

खडीच्या जुन्या खाणीत तो वर्षातून एकदा पोलिसांची नेमबाजीची परीक्षा घ्यायला येतो, ट्रेलरमध्ये कागदी माणसं भरून. चुन्याच्या रेषा मारतो. दहा मीटरच्या रेषेवर उभं राहायचं, शिट्टी झाली की गोळ्या झाडायच्या. माझे बूट रेषेवर नव्हते. रेषा मागे राहिली होती आणि तिथून माझ्यापर्यंत लाल धुळीत चार ठसे होते.

"मी चालले नाही."

"मग धूळ चालली असेल."

नापास म्हणजे पिस्तूल त्याच्या पेटीत जाणार. पिस्तूल नसलेल्या पोलिसाला एकट्यानं ठाणं सांभाळता येत नाही, आणि पिंचर्स वेलमध्ये ठाणं म्हणजे मी. सीनियर कॉन्स्टेबल नोलीन प्रिडो, वय एक्कावन्न. पुढचं ठाणं एकशे नव्वद किलोमीटरवर. मला शहरात नेऊन कुठल्यातरी काउंटरमागे बसवतील. डेस, माझा नवरा, इथली टपालकचेरी चालवतो. सतरा वर्षं. सतरा वर्षं खोक्यांत भरायची म्हणजे

नको, ते नंतर.

आधी कांगारूंचं सांगते

तीन-तीन ट्रेलर ओढणारे ट्रक हायवेवर कांगारूंना उडवतात आणि पुढे जातात. थांबायला त्यांना अर्धा किलोमीटर लागतो, म्हणून थांबत नाहीत. अर्धमेली जनावरं माझ्याकडे. आठवड्याला दोन, दुष्काळात पाच. कधी गाय. मागच्या जुलैत लॉरी शिर्मरची घोडी, टॉफी. तिचा पाय जाळीत अडकून मोडला होता, आणि लॉरी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

पद्धत एकच. मागून जायचं, म्हणजे ते घाबरत नाही. पावलं सारखी, घाई नाही. चालताना कमरेच्या पिस्तुलाच्या होल्स्टरची पट्टी सोडायची. अगदी जवळ जायचं. जवळ गेलं की चूक होत नाही.

"तुझ्या शहरातल्या पोरांनी नोकरीभर झाडल्या नसतील तेवढ्या गोळ्या मी वर्षात झाडते," मी कॉनला म्हणाले.

"पडलेल्या जनावरावर. जवळ जाऊन."

"गोळी ती गोळीच ना?"

"हाताला तेवढं येतं बाई तुझ्या, उत्तम येतं. पायांनाही तेवढंच येतं." त्यानं थर्मासमधून कॉफी ओतली आणि मला विचारलंही नाही. "समोर पहार घेतलेला माणूस उभा असेल आणि तू त्याच्याकडे चालत गेलीस, तर तीन पावलांवर तो तुझ्याआधी हात चालवेल. पिस्तूल निघतं तेवढ्यात तुझं डोकं फुटलेलं असेल. किंवा तू आधी झाडशील, आणि मग आयुष्यभर विचारत बसशील की इतक्या जवळ गेले कशाला."

"दुपारी परत घे परीक्षा."

"घेतो."

दहा मीटर, दुपारी

बुटांच्या आत बोटं आवळून धरली. शिट्टी. झाडल्या. बूट रेषेवर. शिट्टी. बूट रेषेवर. पिंढरीत गोळा आला. पास.

कॉननं सही केली, पण पेनाचं टोपण लावेना.

"आज तू पायांवर लक्ष ठेवलंस म्हणून जमलं. खऱ्या वेळी पायांवर लक्ष ठेवायला डोकं मोकळं नसतं, नोलीन." त्यानं निळं प्लॅस्टिकचं पिस्तूल माझ्या हातात दिलं. सरावाचं, आत काही नाही. "रोज दहा मिनिटं. मागच्या अंगणात. हसू नकोस."

मी हसले नव्हते. डेस हसला. रात्रीच्या जेवणाआधी त्यानं कुत्र्याचा पट्टा माझ्या कमरेला बांधला, दुसरं टोक पाण्याच्या टाकीच्या खांबाला, आणि कुंपणावर रंगाच्या डब्याचं झाकण लटकवलं.

"शिट्टी मी वाजवतो. चाललीस की पट्टा ओढेल."

"मी काय कुत्रा आहे?"

"कुत्रा एवढा हट्टी नव्हता गं."

पट्टा सहा वेळा ओढला गेला. सातव्या वेळी मी तो सोडून टाकला. निळं पिस्तूल ठाण्याच्या खणात गेलं, स्टेपलरशेजारी. मी पास झाले होते ना. कागद होता.

अंतर

हे तेरा दिवसांनी. दुपारचे दोन, उन्हानं रस्ता पातळ दिसत होता. डिझेल पंपावरच्या मॉरीनचा फोन. "लॉरीच्या शेडमधून काचा फुटल्याचा आवाज येतोय. सकाळी डॉक्टरची व्हॅन आली होती, डोळ्यांपायी त्याचं ट्रकचं लायसन काढून घेतलं म्हणे. तू ये."

लॉरी आपल्याच ट्रकची काच फोडत होता. हातात टायर काढायची लोखंडी टामी. मी दारात उभी राहिले, हाक मारली. तो वळला. टामी खांद्याच्या वर.

मग

मग त्यानं टामी खाली टाकली आणि जमिनीवर बसला. मी त्याच्याजवळ उकिडवी बसले. पाणी दिलं. मॉरीन दारातून सगळं बघत होती, आणि संध्याकाळपर्यंत पबमधल्या नऊच्या नऊ माणसांना ठाऊक झालं होतं की नोलीननं पिस्तूल बाहेर न काढता, नुसतं गोड बोलून लॉरीला शांत केलं. माझ्यासाठी बिअर ठेवली होती. मी प्याले.

मधलं मला आठवत नव्हतं.

अहवाल

मी सुरक्षित अंतरावर थांबून संबंधित व्यक्तीशी

खोडलं.

मी अंतर ठेवण्याचा प्रयत्न करत

खोडलं.

मी थांबले.

हे वाक्य बराच वेळ पडद्यावर राहिलं. साधं होतं, शिवाय कोणी तपासणार नव्हतं. मी ठाण्याच्या कपाटाला कुलूप लावलं, परत उघडलं, परत लावलं. मग उजाडल्यावर गाडी काढली.

शेड, दुसऱ्या दिवशी सकाळी

लॉरीनं काचा झाडून एका कोपऱ्यात लावल्या होत्या, पण दारापासून ट्रकपर्यंतची धूळ तशीच होती. मॉरीनचे सपाट चपलांचे ठसे दाराशी थांबलेले. माझे पुढे. मी त्यांच्या शेजारून चालत मोजले. अंतर सारखं, कुठे अडखळलेलं नाही, कुठे थांबलेलं नाही.

नऊ.

नवव्याशी बूट जोडीनं थांबले होते; तिथून टामी जिथे पडली तिथवर मी पाय टाकून पाहिलं. तीन पावलं.

"काय हरवलं?" लॉरी मागे उभा होता. हातात चहाचे दोन कप.

"लॉरी, काल मी काय बोलले तुझ्याशी?"

"तुला माहीत नाही?"

"सांग ना."

त्यानं एक कप ट्रकच्या पायरीवर ठेवला. माझ्या हातात दिला नाही. "तू म्हणालीस, 'झालं हं, झालं आता.' येता येता. तेवढंच, परत परत."

मला तोंडात धूळ लागली.

"टॉफीला म्हणाली होतीस ना," तो म्हणाला. "अगदी त्याच आवाजात. तशीच चालत आलीस, हात कमरेला, पट्टी सुटलेली. मी टामी कशाला टाकली असेल? मला वाटलं, आपलं आता झालं."

"मी झाडणार नव्हते, लॉरी."

"नसशील." त्यानं चहाचा घोट घेतला. "पण टामी टाकायच्या आधी एकदा मनात आलं, हाणावी हिला. तू होतीस पण एवढी जवळ. थोडक्यात वाचलो आपण दोघं." मग पायरीवरच्या कपाकडे बोट केलं. "साखर टाकलीय. दोन चमचे."

पट्टी मी कधी सोडली? हाताला विचारावं तर हात

चहा मी संपवला. उभ्यानं.

फोन

"कॉन, मी नोलीन."

"अभिनंदन. इथवर आलंय सगळं. साहेब खूश आहेत."

"मी चालले."

त्याच्या मागे कुठेतरी शिट्टी वाजली, तिथे कुणाची तरी परीक्षा चालू असावी.

"किती?"

"नऊ. तीन उरली होती. अहवालात तसंच लिहिलंय. पाठवलाय."

"पाठवलास?"

"हो."

"अगं, कुणी विचारलं नसतं."

"लॉरीनं टामी टाकली कारण त्याला वाटलं मी त्याला मारतेय. आणि मला वाटलं मी त्याला समजावतेय. मला कळलंच नाही, कॉन. दुसऱ्या वेळी समोरचा टाकणार नाही."

"सही मला काढून घ्यावी लागेल. माहीत आहे ना?"

"म्हणून तर फोन केला."

"पिस्तूल कपाटात ठेव, किल्ली डेसकडे दे. उद्या घ्यायला येतो. तोवर हायवेवर काही पडलं तर शेतकऱ्याला बोलाव, तू जाऊ नकोस. महिनाभर बदली माणूस मागतो. मिळेल की नाही सांगता येत नाही. आणि महिन्यानंतर हे ठाणं तुलाच देतील, हेही माझ्या हातात नाही."

"आणि सराव?"

"दर गुरुवारी येतो. चारशे किलोमीटर पडतात मला."

"वर्षातून एकदा पडत होते तेव्हा तू कुरकुरायचास."

"आताही कुरकुरणारच आहे," कॉन म्हणाला. "ते निळं कुठाय?"

अंगण

खणातून काढलं. स्टेपलरच्या पिना लागल्या होत्या, झटकल्या. डेसनं किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि पट्टा आणला. पट्ट्याला अजून कुत्र्याचा वास येतो. त्यानं गाठ दोनदा ओढून पाहिली.

"तयार?"

"डेस, बोलायचं असेल तर काय बोलू? चालताना तोंडातून ते येतं."

त्यानं विचार केला. "'थांब' म्हण. त्याला पण लागू, तुला पण."

टाकीच्या सावलीतून कुंपणावरचं झाकण चकाकत होतं. शिट्टी. मी हात उचलला. "थांब," मी म्हणाले, मोठ्यानं, झाकणाला.

कमरेला पट्टा ओढला गेला.

"परत," मी म्हणाले.