नदीपलीकडचा रंग

कपावर साय धरली होती. बारीक सुरकुतलेली, बोट लावलं तर चिकटून येईल अशी – म्हणजे चहा केव्हाच झाला होता, मुद्दाम ठेवून दिला होता आणि मग तिच्यापुढे आणला होता. आजही. सून पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, “घ्या ना आई, आता प्यायला बरा झालाय.”

बरा! कुणाला सांगितलं तर म्हणतील म्हातारीचं डोकं फिरलं, कोमट चहावरून सुनेचा संशय घेते. पण कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कधीपासून तेही तिला ठाऊक होतं... सुनेनं तो नकाशा घरी आणला तेव्हापासून.

सून इस्पितळात कर्करोगाच्या नोंदणीचं काम करते. कुठल्या भागात कुणाला काय झालं ते गोळा करायचं आणि त्याप्रमाणे नकाशाला रंग द्यायचे. त्या दिवशी संगणकावर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा नकाशा होता. सगळा देश फिकट, बिस्किटाच्या रंगाचा, आणि वर नदीपलीकडे एक पट्टा मुका मार लागल्यासारखा काळानिळा. “आई, तुमचं माहेर इथलंच ना?” – बोट बरोब्बर तिथेच ठेवलं. सुनेच्या माहेराला नावं ठेवायला सासूला तोंड पुरतं. सुनेला नकाशा मिळाला होता. “तंबाखू दोन्ही काठांवर सारखीच आहे,” सून सांगत होती, “आणि बाकीच्या भागांतले रंग हळूहळू उतरत चाललेत. हाच उतरत नाही. तुमच्याकडे चहा कसा प्यायचे हो?”

कसा म्हणजे? उकळता. किटलीतून कपात, कपातून घशात. कुणी फुंकर मारली की वडील म्हणायचे, “फुंकतोस काय, चूल पेटवायचीय?” आणि सगळे हसायचे, डोळ्यांत पाणी आलेलं असतानाही हसायचे. मीसुद्धा. हे तिनं फुशारकीनं सांगितलं होतं, आणि सून हसली नव्हती. नुसती बघत राहिली होती... तिच्या गळ्याकडे.

खरी भीती मात्र निराळी होती. आई गेली आणि वडिलांनी अन्न सोडलं, घास घशाखाली उतरेना, वर्षाच्या आत तेही गेले – हे तिचं सगळ्यांत मोठं धन होतं. ती तेव्हा सासरी होती, पण किती जणांना तिनं हे सांगितलं असेल! असं प्रेम करावं माणसानं. म्हणून तर नवरा गेला तेव्हा, चार दिवसही झाले नसताना, स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून तिनं ताटभर भात खाल्ला – आणि घास सरळ उतरत गेले – ते तिला आजवर सलत होतं. वडिलांचं दुःख घशात अडकलं, माझं का नाही अडकलं?

आणि आता ही पोरगी म्हणत होती की त्या उकळत्या चहापायी तिकडे पुष्कळांचे घास अडकतात.

दुपारी धाकटा भाऊ आला. अजून तिकडेच राहणारा, वडिलांचं शेवटचं सगळं त्यानंच केलेलं. कमरेच्या पट्ट्याला त्यानं नवं भोक पाडलं होतं. जुन्या भोकापाशी चामड्यावर वळ उमटलेला. जेवताना पाव सुपात बुडवला, लगदा होईपर्यंत बुडवून ठेवला, आणि प्रत्येक घासावर पाणी.

“असं काय खातोस लहान मुलासारखं?”

“दात गेले गं ताई. तुझ्यासारखं तोंड अजून कुठे चालतंय माझं!” तो हसला, आणि दात सगळे जागच्या जागी दिसले.

ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली – आणि दचकली, कारण हे बघणं तिच्या ओळखीचं होतं.

“धाकट्या, बाबांना काय झालं होतं?”

“काय व्हायचंय? आईचं दुःख.”

“खरं सांग.”

त्यानं ताटली बाजूला सारली. “भूक लागायची गं त्यांना. सारखा पाव मागायचे. चावायचे, चावायचे, आणि ओंजळीत काढून ठेवायचे. तुला काय कळवायचं होतं सासरी? दुःखानं म्हटलं की ऐकणाऱ्यालाही बरं वाटायचं.” मग खिडकीकडे बघत, “तुझ्या सुनेला बोलू नकोस हं काही. उगाच मलाही रंग द्यायला बसेल. किती वाजता येते ती?”

“उशिरा,” ती म्हणाली. सून आज लवकर येणार होती.

तो पलंगावर आडवा झाला, पायांत मोजे तसेच, उठून निघायच्या तयारीचे. झोपलाय की झोपेचं सोंग... तिला ठरवता येईना. वडील भुकेले गेले. आईसाठी नाही, कुणासाठीच नाही. पाव मागत गेले. तिला आधी राग आला, मग रागाखालून काहीतरी सैल झालं, इतक्या वर्षांची गाठ सुटावी तसं – म्हणजे त्या दिवशी मला भूक लागली, त्यात काही वावगं नव्हतं... आणि लगेच त्या सैलपणाचाच तिला संशय आला. हे हलकं वाटणं कुणाच्या घशातून आलंय? भाऊ कुशीवर वळला. तिनं कान दिले, तो गिळतोय का ते ऐकायला, आणि ऐकू आलं ते तिचं स्वतःचंच गिळणं.

जिन्यात कुणीतरी चढत होतं. शेजारचं दार उघडलं, मिटलं. ती दाराकडे तोंड करून बसून राहिली. सुनेच्या पावलांची ती आयुष्यात पहिल्यांदाच अशी वाट बघत होती, आणि ती वाजू नयेत असंही तिला तितकंच वाटत होतं.