निपाणीची गिटार

शहापुरातल्या मागवाल्यांच्या गल्लीत सून म्हणून आलेल्या बाईला पहिल्या महिन्यातच दोन गोष्टी शिकाव्या लागतात. एक कांड्या भरणं, म्हणजे चाक फिरवून मागाच्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, आणि दुसरी ओठ वाचणं. माग सुरू असला की कानाशी ओरडलं तरी काही कळत नाही. मग माणसं घसा फोडत बसत नाहीत, नुसते ओठ मोठे करून बोलतात आणि समोरचा बघून समजून घेतो. रूपाली खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातून इथं आली तेव्हा तिला वाटलं होतं, ही माणसं आपल्याला वेडावून दाखवतात. पुढं तीही तशीच बोलू लागली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण असल्या घरात कुणाचा कान गेला तर बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

रूपालीचा नवरा महादेव दिवसा माग चालवायचा आणि संध्याकाळी गोपाळच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गणपतीत, वरातीत, हळदीला, जिथं बोलावणं येईल तिथं. मागं स्पीकरची भिंत आणि पुढं नाचणारी पोरं, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. गल्लीत त्याला मान होता. आणि मान मिळालेल्या माणसाला जी खोड लागते ती त्यालाही लागली होती. कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे, असं त्याला वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी गोपाळच्या ऑर्केस्ट्रातली गाणारी मुलगी लग्न होऊन गेली. गोपाळ टिळकवाडीतला, जुन्या घरंदाज कुटुंबातला, तोंडाचा गोड माणूस. तो घरी आला आणि रूपालीला म्हणाला, “वैनी, तुम्ही गाता म्हणे. एक म्हणून दाखवा की.” रूपाली माहेरी भजनात गायची. तिनं पदर सावरला आणि एक भजन म्हटलं. गोपाळ काही बोलणार तेवढ्यात महादेव म्हणाला, “सूर लागत न्हाय तिचा. कांड्या भरताना गुणगुणाय ठीक हाय.” सासू जयाबाई खुदकन हसली. नवराच असं म्हटल्यावर परका माणूस काय बोलणार? गोपाळनं चहा संपवला आणि तो निघून गेला.

त्या दिवसापासून रूपाली गायली नाही. जयाबाई मात्र आल्यागेल्याला “ही आमची गाणारी सून” म्हणून सांगायची आणि जखमेवर मीठ चोळायची. रूपालीनं मनाची समजूत घातली होती. नवऱ्याला सुरातलं कळतं, तो उगाच बोलणार नाही, आपलंच गाणं कच्चं असणार. एवढ्या आधारावर ती सगळं सोसत होती.

यंदा गोपाळला गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं. सबंध हंगाम तिकडंच राहायचं. पण तिथं वरातीतला धुडगूस नको होता. लोकांना जेवता जेवता ऐकायला बरं वाटेल असं संथ, जुन्या वळणाचं वादन हवं होतं. गोपाळनं महादेवला बजावलं, “तुझी ती पातळ आवाजाची गिटार तिथं चालायची नाही बघ. मानेजवळ एकाच बाजूला खाच असलेली, जड लाकडाची, जुन्या घाटाची गिटार मिळते, तसली आण. आवाज कसा हवा, साजूक तुपासारखा. आणलीस तर तू माझ्याबरोबर, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.”

महादेवनं घरच्या दोन मागांतला एक विकला. जयाबाईनं घर डोक्यावर घेतलं, पण त्यानं ऐकलं नाही. निपाणीत परशराम नावाचा एकजण होता. बंद पडलेल्या बँजो पार्ट्यांची वाद्यं घेऊन, दुरुस्त करून विकायचा. त्याच्याकडं तसल्या दोन गिटारी आल्याचं कळलं. जायच्या आदल्या दिवशी महादेवनं राहिलेला माग बंद केला आणि रूपालीला समोर बसवून घेतलं.

“रूपा, तू बी चल निपाणीला.”

“मी कशाला?”

त्यानं जयाबाई आसपास नाही ना, ते बघितलं. “मला ऐकू येत न्हाय गं. ढोल कळतोय, बेस छातीत कळतोय. बाकी समदं माग चालल्यागत. वाजवताना बोटं आपसूक जात्यात, तारा त्या लुकलुकणाऱ्या यंत्राकडं बघून लावतो. पर कुठल्या गिटारीचा आवाज गोड, ते मला कसं कळावं? तू समोर हुबी ऱ्हा आन् नुसत्या ओठानं सांग. कुणाला पत्ता लागायचा न्हाय.”

रूपालीला त्याची कीव आली. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, “कवापासनं हे?”

“झाली की चार-पाच वर्सं.”

“म्हंजे गोपाळभाऊजी आलते, मी भजन म्हटलं, तवा?”

“कुठलं भजन?” महादेवनं खरोखरच आठवून बघितलं. त्याला आठवत नव्हतं.

रूपालीनं हात काढून घेतला. यानं आपलं गाणं ऐकलंच नव्हतं. चारचौघांत आपला कान झाकायला काहीतरी ठाम बोलायचं म्हणून बोलला, आणि बोलून विसरूनही गेला. आणि आपण त्या वाक्यावर तीन वर्षं तोंड शिवून बसलो. तिला त्याचा इतका राग आला की समोर बसवेना. “येते निपाणीला,” एवढं बोलून ती उठली.

परशरामचं दुकान तंबाखूच्या जुन्या वखारीत होतं. आत शिरताच नाकात झणका बसायचा. त्यानं दोन्ही गिटारी काढून बाकड्यावर ठेवल्या. एक गडद तांबडी, कडेला पोपडे उडालेली. दुसरी मधासारखी पिवळी, आरशागत चकचकीत. परशरामनं आधी तांबडी स्पीकरच्या पेटीला जोडली आणि एक तार छेडली. सूर सुटला तो विरलाच नाही. वखारीभर भरून राहिला आणि हळूहळू, आपल्या मर्जीनं बसला. तीन वर्षांनी तिला पहिल्यांदा वाटलं, याच्यावर आवाज लावून बघावा. राग क्षणभर बाजूला राहिला. ती महादेवला ओठांनी सांगणार होती, हीच घ्या म्हणून.

तेवढ्यात परशरामनं सहज विचारलं, “वैनींना बी कळतंय काय ह्यातलं?”

महादेवनं ओठ बरोबर वाचले आणि तो हसला. “तिला काय कळतंय सुरातलं! उगी फिराय आणलीया. भेळ खायाला.”

परशरामही हसला. रूपालीनं पदर दातात धरला.

परशराम आता पिवळी गिटार घेऊन खाली वाकला आणि खुंटी पिळता पिळता म्हणाला, “ही दिसाय झ्याक हाय, पर हिची मान वाकलीया. मोकळ्या तारा सुरात लागत्यात, वर बोट गेलं की बेसूर बोलतीया. नीट बी व्हायची न्हाय. भिंतीला टांगाय पायजे आसंल तर घ्या.” इतका सच्चा दुकानदार शोधून सापडायचा नाही. पण तो वाकलेला होता, आणि महादेवला त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं.

“व्हय, व्हय,” महादेव म्हणाला आणि त्यानं रूपालीकडं बघितलं. काय म्हणाला, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

रूपालीनं आवाज न काढता, ओठ मोठे करून सांगितलं, “हिच्यासारखी दुसरी सापडायची न्हाय म्हणतोय.”

“आन् आवाज?”

“साजूक तूप.”

महादेवनं पिवळी उचलली. परशराम म्हणाला, “अवो, आत्ता काय सांगितलं मी?” पण महादेव गिटार गळ्यात अडकवून भिंतीवरच्या आरशात बघत होता. परशरामनं रूपालीकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती. गिऱ्हाईकच आंधळं झाल्यावर दुकानदारानं किती डोळे उघडायचे?

एसटीत महादेव गिटार मांडीवर घेऊन बसला होता, पहिलटकरीण पोर घेऊन बसते तसा. संकेश्वरला त्यानं खाली उतरून तिच्यासाठी भजी आणली. असं त्यानं कधी केलं नव्हतं. रूपालीनं ती खाल्ली. छान लागली.

दुसऱ्या दिवशी गोपाळच्या घरामागच्या खोलीत तालीम होती. महादेव रूपालीला घेऊनच गेला. दारापाशी तिला उभं केलं, नजरेसमोर. कीबोर्डवर श्रीनाथ होता, एका वकिलाचा मुलगा, हुशार आणि जिभेचा तिखट. गिटारीचं रूप बघून सगळ्यांनी वा वा केलं. मग एक संथ चाल सुरू झाली. खालच्या पट्टीत सगळं ठीक होतं. महादेवची पाळी आली, त्यानं डोळे मिटले आणि बोटं वर नेली.

कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला. ढोलकीवाला थांबला. श्रीनाथनं कीबोर्डवरचे हात उचलले. महादेवनं डोळे उघडले, रूपालीकडं बघितलं. तिचे ओठ म्हणाले, “छान.” त्यानं पुन्हा डोळे मिटले आणि आणखी जीव ओतून वाजवू लागला. खोलीत तो एकटाच वाजवत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. शेवटी गोपाळनं पुढं होऊन तारांवर पंजा ठेवला.

“महादेव, अरे, हे काय वाजवायलास तू?”

गोपाळची मान तारांवर झुकली होती; ओठ न दिसल्यानं महादेव नुसता बघत राहिला. श्रीनाथला मात्र शंका आली. तो पुढं आला आणि जराही आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाला, “चहा घेणार काय?”

“घेऊया की,” महादेव म्हणाला.

खोली हसून लोटपोट झाली. श्रीनाथला चेव चढला. त्यानं ओठांनीच विचारलं, “गोव्याला येणार काय?” “येणार की, त्यासाठीच घेतलीया,” महादेव म्हणाला, आणि पुन्हा हशा उसळला. मग श्रीनाथ त्याच्या मागं गेला आणि ओरडला, “बहिरोबा!” महादेव हलला नाही. समोरच्यांचे हसणारे चेहरे बघून तोही थोडा हसला. ते हसू रूपालीनं बघितलं. तिला त्याची फजिती हवी होती, ती मिळाली होती. आता पुरे, असं तिला वाटलं, पण ते सांगायचं कुणाला?

“बस कर श्रीनाथ,” गोपाळ म्हणाला. त्यानं महादेवला समोर धरलं आणि सावकाश विचारलं, “गिटार कुणी पसंत केली?”

गिटार बेसूर आहे आणि आपलं गुपित फुटलंय, हे महादेवला आता कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “हिनं,” तो म्हणाला. “हिचे कान चांगले हाईत म्हणून...” बोलता बोलता तो थांबला आणि रूपालीकडं वळला. सगळेच वळले. रूपालीला वाटलं, भरली आपली घटका. पण महादेवचे डोळे पाण्यानं भरले.

“तुझा बी कान गेला व्हय गं?” तो म्हणाला. “मागाजवळ बसून बसून? आन् मला सांगितलं न्हाईस?”

न्हाय म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मग दुसरा प्रश्न आला असता, ऐकू येतं तर हीच गिटार का, आणि त्याचं उत्तर या सगळ्यांसमोर द्यावं लागलं असतं. रूपालीनं मान खाली घातली आणि हलवली. व्हय.

त्या दिवसापासून ती बहिरी झाली. गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. मागवाल्याच्या घरात कान जायचेच. जयाबाई आता तिच्यादेखत शेजारच्या मालुबाईला सांगायची, “एक बहिरा व्हता, आता जोडी जमली. माग गेला, मान गेला, ही अवदसा ऱ्हायली.” रूपालीला शब्द न् शब्द ऐकू यायचा, पण ती तोंडावरची माशीही हलू द्यायची नाही. महादेव मात्र इतका मायेनं वागू लागला की तिला ते सोसेना. बोलायच्या आधी खांद्यावर हात ठेवायचा. भाकरीचा पहिला तुकडा तिला द्यायचा. “तू हाईस म्हणून बरं हाय,” म्हणायचा. “माझं कुणाला कळलं नसतं, तुला कळतंय.” दवाखान्यात जाऊया म्हणायचा तेव्हा ती हात जोडून नको म्हणायची. डॉक्टरनं कान तपासला असता तर काय सापडलं असतं?

पंधरवडा गेला असेल. संध्याकाळची वेळ होती, माग बंद होता. रूपाली दाराकडं पाठ करून कांड्या भरत बसली होती आणि महादेव समोर सूत उलगडत होता. दारात गोपाळ आला.

“महादेव, झालं ते झालं,” तो म्हणाला. “मी वैनींसाठी आलोय. हॉटेलवाल्यांना गाणारी बाई हवी आहे. तीन वर्षांपूर्वी भजन म्हटलं, तेव्हाच मला तो आवाज फार आवडला होता, पण तूच नको म्हणालास. असा आवाज मी या गावात दुसरा ऐकला नाही.”

रूपालीचा हात चाकावर होता. तो तिनं फिरवत ठेवला.

महादेव त्याच्या ओठांकडं बघत होता. त्यानं सुस्कारा सोडला. “उशीर केलासा. तिचा कान गेलाय. तुम्हीच बघितलासा की.”

“पूर्ण गेला? मला खरं वाटत नाही रे. एकदा हाक मारून बघू?”

“मारा की,” महादेव म्हणाला. त्यालाही आशा वाटली असावी. तो गुडघ्यांवर पुढं सरकला आणि रूपालीच्या चेहऱ्याकडं टक लावून बघू लागला.

गोपाळ तिच्या पाठीमागं येऊन उभा राहिला. “वैनी,” तो म्हणाला, “माझ्याबरोबर गोव्याला गायला येता काय?”

रूपालीनं भरलेली कांडी काढली, टोपलीत टाकली, रिकामी लावली आणि चाक फिरवलं.

गोपाळनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. चाक फिरतच राहिलं.

“बघितलासा न्हवं?” महादेव म्हणाला, आणि तिचे डोळे भरून आलेले दिसताच त्यानं पुढं होऊन आपल्या हातानं ते पुसले. “सूत उडतंय डोळ्यात,” त्यानं गोपाळला सांगितलं. “तिला काय बी कळलेलं न्हाय.”