उकंडाची शिकवणी

भाकरी तव्यावर टाकून नलूने पिठाचे हात परातीवर झटकले.

“हं, सांगा. काल काय झालं?”

उकंडा चुलीजवळ भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या मांडीवर बायकोचा फोन. त्याने घसा साफ केला.

“राज्यसभा. ते कधी बरखास्त होत नाई. दर दोन वर्सानं तिसरा हिस्सा लोक निंगून जाते, तेवढेच नवे येते.”

“म्हंजे कसं?”

“एसटीवानी. मारेगावले काई उतरते, काई चढते. पन गाडी रिकामी होत नाई.”

भाकरी उलटताना नलूचे ओठ हलत होते. ती ते पाठ करत होती.

नलू गावातल्या अंगणवाडीची सेविका. बारा वर्षं तिने पोरांची वजनं केली, रजिस्टरं भरली. तिच्या पर्यवेक्षिका विमलताई एकदा वजनकाटा तपासता तपासता म्हणाल्या होत्या, “बारावीवर थांबू नको. पदवी झाली की खात्याची परीक्षा देता येते. उद्या माझ्या जागी तू येशील.” मुक्त विद्यापीठाचा प्रवेश मोबाईलवरच झाला, तासही मोबाईलवरच. पण दिवसभराची खिचडी, घरोघरच्या भेटी आटोपून संध्याकाळी व्याख्यान लावलं की दहाव्या मिनिटाला तिची मान खाली जायची.

उकंडा घरीच असायचा. नलूच्या प्रवेशाच्या दोन वर्षं आधी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती आणि बोंडअळीने सगळ्यांना घायकुतीला आणलं होतं. तो रोजीने फवारणीला जायचा. चौथ्या दिवशी औषध अंगात भिनून शेताच्या धुऱ्यावरच कोसळला. यवतमाळच्या दवाखान्यातून एकवीस दिवसांनी परत आला तेव्हा जीव वाचला होता. नजर मात्र वाफ धरलेल्या काचेसारखी झाली होती. समोर माणूस उभा आहे एवढं कळे. कोण, ते आवाजावरून.

एका संध्याकाळी नलू दचकून जागी झाली, तर व्याख्यान संपून गेलेलं.

“मले उठवलं काहून नाई?”

“दमली होती तू. मी आयकलं ना पुरं.”

“तुमी आयकून काय होते?”

सकाळी ती चूल पेटवत असताना त्याने अख्खं व्याख्यान सांगितलं. मॅडम मधे कुठे खोकल्या, तेसुद्धा.

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. संध्याकाळी तो ऐकायचा, सकाळी ती. समाजशास्त्र झालं, अर्थशास्त्र झालं. कोरोनामुळे तेव्हा परीक्षा घरूनच मोबाईलवर द्यायची होती. त्या दिवसांत उकंडा दारात बसून राही आणि गल्लीत कोणी मोठ्याने बोललं की हात वर करून त्याला थांबवी. तीन वर्षांनी नलू बी.ए. झाली. मग खात्याची परीक्षा, मग पर्यवेक्षिकेच्या नेमणुकीचा आदेश. विमलताई निवृत्त झाल्या होत्या, तरी पेढे घेऊन आल्या. पहिला पेढा त्यांनी उकंडाच्या हातावर ठेवला.

आता नलूकडे सव्वीस अंगणवाड्या होत्या. सकाळी आठची गाडी. परतायला दिवस मावळे. आल्यावर फोन पिशवीतच राही. उकंडा नेहमीच्या वेळी भिंतीशी येऊन बसायचा.

“आज काई नाई का?” त्याने एकदा विचारलं.

“कायचं?”

“काई नाई. असंच.”

एका शनिवारी तिला दुपारची गाडी मिळाली. घराजवळ येताच तिला उकंडाचा आवाज ऐकू आला. शेजारचा रामसिंग ओट्यावर दोरी वळत होता आणि उकंडा त्याला समजावत होता.

“मागनी वाढली का भाव वाढते. असा नेम हाय.”

“मंग आपल्या कापसाचा काहून नाई वाढत?”

“तो धडा आला नाई अजून.” उकंडा थोडं थांबला. “आता येत बी नाई. नलूचं शिक्षन झालं.”

नलू कुडाच्या आड तशीच उभी राहिली. रामसिंग उठून गेला, तेव्हा कुठे तिने पाऊल उचललं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर ती फोन घेऊन त्याच्या शेजारी बसली.

“पुरं नाव सांगा.”

“कोनाचं?”

“तुमचं.”

“कायले?”

“सांगा तं.”

त्याने सांगितलं. जन्मसालही सांगितलं. शिक्षण विचारलं तेव्हा आवाज जरा खाली आला.

“नववी. तुले ठाव नाई का?”

“ठाव हाय. आधी एक लहान परीक्षा द्या लागते. मंग बी.ए.ले बसता येते.”

पायाच्या बोटांवरून फिरणारा त्याचा हात थांबला.

“मले दिसत नाई, नले. पेपर कोन लिवन?”

“लेखनिक भेटते. तुमी सांगाचं, त्यानं लिवाचं. मी फोन करून इचारलं.”

“तूच लिव ना मंग.”

“मी नाई चालत. लिवनारा कमी शिकलेला लागते. मी शिकलेली हाय आता.”

त्याचा हात पुन्हा पायाच्या बोटांवरून फिरू लागला. नलूने घाई केली नाही. तिचं बोट फोनवर तसंच टेकलेलं होतं.

“अजून काय लागते?”

“फोटो.”

उकंडाने हनुवटीवरून हात फिरवला. आठवड्याचे खुंट बोटांना टोचले. तो भिंतीचा आधार घेत उठला आणि शर्टाची गुंडी सोडू लागला.

“मंग पानी गरम ठेव,” तो म्हणाला. “दाढी तुलेच करून द्या लागन.”