उताऱ्याची कोंबडी

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कर्वेनगरातल्या कालव्याच्या कडेला, तीन रस्ते मिळतात तिथे, एक काळी कोंबडी पाय बांधून ठेवलेली होती. शेजारी दहीभात आणि लिंबू, पंखांवर हळदकुंकू. कुणीतरी आपल्या आजारी माणसावरून तिला उतरवून इथे आणून सोडलं होतं, म्हणजे आजार तिच्याबरोबर घराबाहेर गेला. फिरायला निघालेली शिकलीसवरलेली मंडळी, त्यात दोन निवृत्त प्राध्यापकही, गुपचूप पलीकडच्या फुटपाथवरून जात होती. सत्यशीलाबाई मात्र सरळ पुढे गेल्या, सुतळी सोडली आणि कोंबडी पिशवीत घातली.

"अहो, उताऱ्याची आहे ती!" शेजारच्या कल्याणीबाई लांबूनच ओरडल्या.

"असू दे. तिला कुठे ठाऊक आहे," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

सत्यशीलाबाईंची तीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त आणि थुंकी तपासण्यात गेली होती. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. नजर, करणी, बाहेरची बाधा असल्या गोष्टींना त्या घरात उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. निवृत्तीनंतर बाईंनी घरामागच्या अंगणात चार कोंबड्या पाळल्या होत्या. नवी कोंबडी आणली की महिनाभर वेगळी ठेवायची, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण कल्याणीबाई कुंपणावरून टक लावून बघत होत्या. वेगळी ठेवली तर म्हणतील, घाबरली. म्हणून बाईंनी काळीला लगेच खुराड्यात बाकीच्यांमध्ये सोडलं. शहाण्या माणसाने तोऱ्यात केलेला गाढवपणा तो हाच.

बाराव्या दिवशी तांबडी कोंबडी डोळा मिटून कोपऱ्यात बसली. डोळ्याच्या कडेला फेस, चोच उघडी आणि श्वासागणिक छातीत घरघर. बाईंनी पाण्यातून औषध दिलं, ओल्या कापसाने नाकपुड्या पुसल्या, गोणपाट अंथरून वर दिवा लावला. चार दिवसांत ती उठली. महिन्याभराने ठिपक्यांची कवडी बसली, मग परत तांबडी. औषध द्यायला सुरुवात केली की बाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारत. पाच महिन्यांत पाच फुल्या झाल्या आणि चारांतल्या दोन कोंबड्या गेल्या. काळी एकदाही साधी शिंकली नाही. मात्र जी आजारी पडणार असे, तिला त्या दिवशी सकाळी ती खेटून बसलेली असे. बाईंनी ते पाहिलं होतं आणि मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

"काकू, दुखणं हिच्यातच आहे," जनावरांचे डॉक्टर अभय काळीला हातात धरून म्हणाले. "हिला काही होत नाही, ही नुसती वाटत सुटते. हिला काढावं लागेल, म्हणजे मारावंच लागेल. रविवारी येतो."

हे बाईंना पटलं. पटण्यासारखंच होतं.

शनिवारी दुपारी फाटकाशी एक बाई आली. गेले काही महिने ती अधूनमधून रस्त्यापलीकडे उभी राहून घराकडे बघत असे. आज तिने कडी वाजवली.

"ताई, मी नंदा. पलीकडच्या सोसायटीत पोळ्या करते. काळी बरी हाय ना?"

सत्यशीलाबाईंच्या लक्षात आलं. "तुम्हीच सोडली होती?"

नंदाच्या मुलीला, ऋतिकाला, दम्याचा त्रास होता. उतारा टाकल्यापासून ती बरी होती. "मधेच छाती भरून येते तिची, पण सांजेपर्यंत आपोआप मोकळी होते. आता पंपसुद्धा बंद केलाय."

"पंप बंद केला?" बाईंचा आवाज चढला. "वेड लागलंय का? आजच्या आज सुरू करा. कोंबडी काय करणार आहे दम्याचं?"

"करते हो ताई. शेजारच्या बाई म्हणाल्या, उद्या तिला मारणार. तुमच्या पाया पडते, तिला मारू नका. पोरीला कोणकोणत्या दिवशी भरून आलं, सगळं ध्यानात हाय माझ्या." नंदाने बोटांवर दिवस सांगितले. संकष्टीचा, पगाराचा, शाळेच्या सहलीचा, असे पाच.

बाईंचा फोन नंबर घेऊन ती गेल्यावर बाई कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. पाचही दिवसांवर त्यांच्याच हातच्या फुल्या होत्या. योगायोग, त्या मोठ्याने म्हणाल्या. घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हणाल्या.

रविवारी डॉक्टर आले, तेव्हा बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. कारण सांगायची लाज वाटली. पुढच्या पंधरवड्यात कवडी गेली आणि तिच्यामागोमाग तांबडीही. बाईंनी खुराडं धुऊन चुना मारला. आता त्यात एकटी काळी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळीने चोच उघडली आणि तिच्या छातीत घरघर सुरू झाली. बाईंनी फोनकडे पाहिलं, आणि तो वाजला.

"ताई, पोरीला काल दवाखान्यात टाकलंय," नंदा रडत होती. "पंप रोज देत होते, शपथ. वाफ दिली, सुई दिली. सुटतच नाही या वेळी. काळीला काय झालंय का?"

"काही नाही झालेलं," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी काळीला मांडीवर घेतलं. औषध पाजलं, नाक पुसलं. कोंबडीचा श्वास अडकला की त्यांचाही अडकत होता. तासाभरात तिचा तुरा जांभळा पडला. या वेळी खेटून बसायला तिच्याजवळ कुणीच नव्हतं. हा विचार डोक्यात आला तेव्हा बाईंना स्वतःची किळस आली. मग त्यांनी चप्पल घातली आणि रिक्षा थांबवली.

लोणी काळभोरच्या वैजनाथकडे गावठी कोंबड्या होत्या. त्याने अजून अंड्यावर न आलेल्या दोन तलंगा निवडून पाटीत घातल्या. "लई निरोगी हायती मावशी. पण घरी जुनी कोंबडी आसंल तर म्हयनाभर येगळ्या ठेवा बरं का."

"हो, माहीत आहे," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी दोन्ही तलंगा सरळ खुराड्यात सोडल्या. कल्याणीबाई आजही कुंपणापाशी होत्या, पण बाईंनी तिकडे बघितलं नाही. काळी धडपडत उठली, दोघींतल्या लहान तलंगेजवळ गेली आणि तिला खेटून बसली.

चारच्या सुमारास घरघर थांबली. काळी उभी राहून दाणे टिपू लागली. फोन वाजला.

"ताई, मोकळी झाली हो! उठून बसलीय, मऊ भात मागतेय!"

"बघा, औषधानेच झाली ना," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पंप मुळीच सोडू नका."

त्या अंगणात आल्या. लहान तलंग डोळा मिटून कोपऱ्यात बसली होती, डोळ्याच्या कडेला फेस होता. बाईंनी कापूस भिजवून तिचा डोळा हळूच पुसला. तिच्याकडे नीट बघायचा धीर त्यांना होईना. मग आत जाऊन त्यांनी कॅलेंडरवर फुली मारली आणि वैजनाथला फोन लावला.

"दर महिन्याला दोन मिळतील का?" त्यांनी विचारलं.