चंदू हडकरचा एक तास

कलावंत हा अखेर एकटाच असतो. साधनेच्या वाटेवर त्याला ना सोबती, ना सावली. हे वाक्य सूरसोबत कला मंडळाच्या हॉलमध्ये, स्टेजच्या वरच्या भिंतीवर, निळ्या अक्षरांत रंगवलेलं आहे, आणि ते रंगवलं जात होतं तेव्हा शिडी धरायला सव्वीस जण उभे होते.

बोरिवलीत वझिरा नाक्याच्या बाजूला राहणाऱ्या चंद्रप्रकाश हडकरला ह्या मंडळाने बावीस वर्षं एकटं पडू दिलं नव्हतं. चंदू दिवसा दिंडोशीच्या कोर्टात लिपिक होता आणि संध्याकाळी जलतरंग वाजवायचा. चिनी मातीच्या बावीस वाट्या अर्धवर्तुळात मांडायच्या, त्यांत कमीजास्त पाणी भरायचं आणि दोन बारीक काड्यांनी सूर काढायचे. हा उद्योग करणारा तो त्या भागातला एकमेव माणूस, त्यामुळे मंडळाला त्याचं भारी कौतुक. त्याच्या घरी पाहुणे आले तर मंडळातून गाद्या यायच्या. त्याला ताप आला तर तीन घरांतून पेज यायची. फक्त वाजवायला वेळ तेवढा मिळायचा नाही. वार्षिक कार्यक्रमात नाटकाचा सेट लागेपर्यंत किंवा प्रमुख पाहुणे ट्रॅफिकमधून सुटेपर्यंत चंदूला पडद्यापुढे बसवत. सेट लागला की कार्यवाह भाऊ घाडी विंगेतून हात वर करत आणि चंदू असेल त्या सुरावर थांबे. त्याचा आजवरचा विक्रम सात मिनिटांचा होता, आणि त्याचं सगळं श्रेय सेटमधल्या एका न उघडणाऱ्या दाराला होतं.

चंदूची तक्रार नव्हती. कोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाला पुढची तारीख पडण्याचा राग येत नाही. पण मनात एक गोष्ट होती. एकदा, निदान एकदा, भूप पुरा वाजवायचा. सुरू आपण करायचा आणि संपवायचाही आपण. तीन वर्षं तो तेवढा एकच राग घोटत होता. भूपात सूर पाचच. सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद त्यात लागत नाहीत.

"तीन वर्षं घासून पाचच?" त्याची बायको नीलम विचारायची. "बाकीचे दोन काय रजेवर गेलेत?"

ह्या वर्षी एकदाची तारीख लागली.

"ऑक्टोबरातला शेवटचा रविवार. सात ते आठ. फक्त तू," भाऊ घाडी म्हणाले. "आणि ऐक. वांद्र्याच्या म्युझिक सर्कलच्या एक बाई येणार आहेत. फोन होता मला. रविवारी येऊन बघते म्हणाल्या."

"कोणाला? मला?"

"नाय, मला! अरे मेल्या, इथे बघण्यासारखं दुसरं आहे काय? आठ वाजता झुंबाचा क्लास असतो, त्याला येतील त्या?"

त्या दिवसापासून चंदू कोर्टात फायलींवर बोटांनी ताल धरू लागला. वकील समजून घेत.

कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले तेव्हा सरावासाठी वाट्यांची ट्रंक हॉलवर न्यायची ठरली. चंदू ती उचलायला वाकला तेवढ्यात भाऊंनी त्याला बाजूला सारलं. "कलावंताने ओझं उचलायचं नसतं. तू हात सांभाळ." भाऊंनी ट्रंक उचलली आणि जिन्याच्या अकराव्या पायरीवर सोडली. ट्रंक खालपर्यंत गेली. आवाज तिन्ही सप्तकांत आला. बावीसपैकी पाच वाट्या वाचल्या, मधल्या मापाच्या.

भाऊ पायरीवरच बसून रडायला लागले. चंदूने त्यांना पाणी आणून दिलं. तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरला: 'आपल्या चंदूच्या वाट्या फुटल्या. एका घरातून एक वाटी!' कशा फुटल्या, ते मेसेजात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलपुढे रांग लागली. सूपच्या वाट्या आल्या, खिरीच्या आल्या, लग्नात आलेल्या आणि खोक्याबाहेर कधीच न काढलेल्या आल्या. सुंदराबाई हॉलच्या फाटकाशी मासे विकायची आणि मंडळाचा एक कार्यक्रम चुकवायची नाही. तिने सुनेच्या नव्या सेटमधली वाटी आणली, सुनेला न विचारता. गावठाणातल्या एथेल परेराने वारलेल्या मम्मीच्या डिनर सेटमधली सोनेरी काठाची दिली. मंडळाच्या अध्यक्षा रत्नप्रभाताई परुळेकर बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी श्रीखंडाची दिली, जाड बुडाची. दोघा जणांनी मेलामाइनच्या आणल्या. त्यांतून टक् एवढाच आवाज निघत होता, म्हणून त्या दोघांना कार्यकारिणीवर घेण्यात आलं. बाकी सतरा चिनी मातीच्या जमल्या. पाच आणि सतरा, बावीस.

चंदू वाट्या लावायला बसला. पाणी घातलं की वाटीचा सूर उतरतो. रिकाम्या वाटीचा सूर चढवायला मात्र उपाय नाही. पंधरा वाट्या खालीवर करून भूपात बसल्या. दोन बसेनात. रत्नप्रभाताईंची मध्यमावर अडून राहिली. आणखी पाणी घातलं की तिचा आवाजच बसायचा. एथेलची तशीच निषादावर अडली. ह्या दोन वाट्या चंदूने तेव्हाच परत केल्या असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं. पण अध्यक्षांची वाटी परत करायला जी छाती लागते ती लिपिकाला देत नाहीत. शेजारी भाऊ वही घेऊन उभे होते.

"हा सूर कोण?"

"पंचम."

"सामंतवहिनी, पंचम. लिहिलं. हा?"

"मध्यम," चंदू म्हणाला आणि पुढची वाटी ओढली.

यादी ग्रुपवर गेली. वर मथळा होता, 'आमचे स्वरदाते'. दोन दिवसांत माणसं एकमेकांना सुरांनीच हाका मारू लागली. "काय पंचम, वांगी कशी घेतलीत?" अशी विचारपूस भाजीवाल्यापाशी सर्रास ऐकू यायला लागली.

आठवड्याने रंगीत तालीम झाली. सतराही घरं पहिल्या दोन रांगांत. चंदूने आलाप सुरू केला. पहिल्या षड्जाला सुंदराबाईने टाळ्या वाजवल्या. रिषभाला रिषभवाल्यांनी. गंधार जरा लांबवला तर गंधाराच्या घरची चारही माणसं उभी राहिली आणि त्यांतल्या एकाने व्हिडिओ काढला. असं चाळीस मिनिटं चाललं. मग एथेल उठली.

"ए चंदू, माझी वाटी राहिली ना."

"राहिली नाही, एथेल. भूपात निषाद नसतो."

"नसतो? मग घेतलीस कशाला? मम्मीचा सेट अकराचा झालाय आता. वर जाऊन तिला काय सांगू मी?"

रत्नप्रभाताईंनी चष्मा काढला. "आणि मध्यम?"

"तोही... वर्ज्य असतो, ताई."

"वर्ज्य." शब्द फळ्यावर लिहावा तशा त्या म्हणाल्या. "हे कोणी ठरवलं?"

"पूर्वीपासून तसंच आहे, ताई."

"पूर्वीपासून बरंच काही होतं, चंदू. ते आपण चालू ठेवलं का?"

त्याच संध्याकाळी कार्यकारिणीची तातडीची सभा झाली आणि ठराव आला. यंदाच्या भूपात मध्यम व निषाद ह्या दोन्ही सुरांना प्रत्येकी किमान तीन वेळा संधी देण्यात यावी. सूचक एथेल परेरा, अनुमोदक मेलामाइनवाले. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण चंदू कार्यकारिणीवर नव्हता.

घरी आल्यावर तो जेवेना.

"वाजवून टाका ना तीन-तीनदा," नीलम म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

"वांद्र्याच्या बाईंना कळेल. आणि मला कळेल."

"तुम्हाला कळलेलं कोण विचारतो?" तिने त्याच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. मग थोडा विचार करून म्हणाली, "मी सांगू? त्यांची वाटी वाजवू नका. तिला मान द्या. स्टुलावर ठेवा, खाली मखमल घाला, वर फूल. आपल्याकडे मान मिळाला की माणूस काम मागत नाही."

चंदूने बायकोकडे नव्या नजरेने बघितलं आणि बोंबील खाल्ला.

भाऊंना कल्पना एवढी आवडली की त्यांनी ती स्वतःची म्हणून रत्नप्रभाताईंना सांगितली. "ताई, हे दोन सूर बाजूला राहतात म्हणून भूप भूप होतो. त्याग आहे हा! आपण जाहीर सत्कार करू." ताईंनी एक दिवस विचार केला आणि पैठणी इस्त्रीला दिली.

रविवार उजाडला. हॉल भरला. पंख्याच्या वाऱ्याने वाट्यांतलं पाणी हलतं, म्हणून पंखे बंद. ऑक्टोबरातल्या उकाड्यात माणसं कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होती, तोही जपून. पावणेसातला वांद्र्याच्या बाई आल्या. त्यांचं नाव रुचिरा. त्या शेवटच्या रांगेत बसल्या, कपाळ पुसलं आणि छताकडे, खिडक्यांकडे, मग मागच्या दाराकडे बघत राहिल्या. चंदूला वाटलं, वांद्र्याला अशीच एकाग्रता करत असतील.

सातला भाऊंनी माइक घेतला. स्टुलावर दोन वाट्या, मखमल, दोन गुलाब. त्यागाबद्दल भाऊ चार वाक्यं बोलले. टाळ्या पडल्या. चंदूने काड्या हातात घेतल्या.

"ए भाऊ, थांब जरा." सुंदराबाई उभी राहिली होती. "माझी वाटी पंधरा दिवस मार खातेय, तिला पाकळी पण नाय. ह्यांची एकदा वाजली नाय, नि तिला मखमल?"

"अगं सुंदराबाई, तो त्याग आहे."

"मग मी पण करते त्याग! मला काय जमत नाय काय?"

ती स्टेजवर चढली, आपला षड्ज उचलला, त्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि वाटी स्टुलावर ठेवली. भाऊंनी गडबडून तिलाही फूल दिलं. तेवढ्यात सामंतवहिनी उठल्या. "पंचम म्हणजे काय आम्ही फक्त राबायचं?" मग गंधाराची चार माणसं आली. मग धैवत. स्टूल पुरेना म्हणून टेबल आलं, टेबल पुरेना म्हणून कॅरम बोर्ड आला. गुलाब संपले तेव्हा फाटकाजवळची जास्वंद ओरबाडली. प्रत्येकाला फूल आणि प्रत्येकाचे दोन शब्द. एथेल दोन शब्दांत मम्मीचं अख्खं आयुष्य बोलली. शेवटी मेलामाइनवाले दोघेही आपापल्या वाट्या घेऊन आले. त्यांचा त्याग सगळ्यांत जुना होता, हे कोणाला नाकारता येईना.

सात बावन्न झाले. दारात झुंबाची मंडळी बूट घालून उभी होती.

चंदूच्या पुढ्यात त्याच्या स्वतःच्या पाच वाट्या उरल्या होत्या. मग त्याने तांब्या घेतला आणि पाणी घालत, काढत, कान लावत त्या पाच वाट्या लावून घेतल्या. सा, रे, ग, प, ध. मंद्र नाही, तार नाही. मधलं एक सप्तक, त्यातलेही पाचच सूर. म्हणजे भूपाला लागतात तेवढे.

आणि त्याने वाजवायला सुरुवात केली.

कोणी टाळी वाजवली नाही. ह्या वाट्यांत कोणाचीच वाटी नव्हती, त्यामुळे आपला सूर कधी येतो ह्याची वाट कोणी बघत नव्हतं. करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही म्हणून माणसं ऐकायला लागली. चंदू गंधारावर थांबला, तिथून रिषभावर उतरला, षड्जाला टेकला, परत गंधारावर आला. काडी उचलल्यावरही सूर पाण्यावर हलत राहायचा आणि पुढचा त्यात मिसळायचा. रत्नप्रभाताईंनी डोळे मिटले होते. सुंदराबाई तोंडाला पदर लावून बसली होती. झुंबाची शिक्षिका भला मोठा स्पीकर दोन्ही हातांत धरून दारात उभीच राहिली, खाली ठेवला तर आवाज होईल म्हणून.

आठ वाजले. विंगेत भाऊंचा हात बावीस वर्षांच्या सवयीने वर गेला. त्यांनी तो हात बघितला आणि खिशात घातला.

चंदू धैवतावरून पंचमावर आला, गंधाराला जरा रेंगाळला आणि षड्जावर थांबला. जिथे थांबायचं होतं तिथे. पुन्हा वाजवलं नाही.

मग टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्यांतून रुचिराबाई वाट काढत स्टेजपाशी आल्या.

"फार छान झाला भूप," त्या म्हणाल्या. "थोडा अजून हवा होता."

भाऊंनी पुढे होऊन वही उघडली. "मग मॅडम, तारीख कुठली धरू?"

"फेब्रुवारीचा दुसरा रविवार. आमच्या सर्कलचा बासरीचा कार्यक्रम आहे, आणि नेहमीचा हॉल यंदा मिळत नाहीये. म्हणून हा बघायला आले." त्यांनी पुन्हा एकदा छताकडे बघितलं आणि रुमालाने मान पुसली. "आज एसी बंद ठेवला होता का?"

हॉलला एसी नव्हता.