फोरमनची वॅगन

गाडी बघायला जाताना तिनं सासूला मुद्दाम बरोबर घेतलं. स्वतःवर तिचा भरवसा नव्हता. आवडलेली वस्तू समोर आली की तिचा चेहराच विकणाऱ्याला सगळं सांगून टाकायचा. सासूबाईंचं उलट. त्यांना काही आवडलंय हे घरातल्यांनाही वर्षभरानं कळायचं.

ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. गिऱ्हाइकं तिला पेंटरबाई म्हणत. शिडी, फळ्या, रंगाचे डबे हे सगळं भाड्याच्या टेम्पोतून न्यावं लागे, आणि टेम्पोवाला त्याच्या मर्जीचा राजा. तिला हवी होती गल्लीत वळेल एवढी छोटी आणि शिडी आडवी मावेल एवढी लांब गाडी. अशी एकच गाडी तिनं पाहिली होती. पुढून साधी छोटी मोटार, मागे लांबट पोट, आणि वर उचलायचं मागचं दार. लोक तिला नुसतं वॅगन म्हणत. ती बनवणारी कंपनीच कधीची बंद पडली होती.

"जिचं माहेरच उरलं नाही, ती आजारी पडली तर पाठवायची कुठं?" सासूबाई वाटेत म्हणाल्या.

"आई, आधी बघू तर."

"बघ की. बघायला काय जातंय?"

गाडी एका बैठ्या घरासमोर पत्र्याच्या आडोशाला उभी होती. रंग फिका पडलेला, पण अंगावर एक ओरखडा नाही. मालक म्हणजे उंच, ताठ असे एक म्हातारे गृहस्थ. याच गाड्या जुळवणाऱ्या कारखान्यात ते फोरमन होते आणि कारखाना बंद होऊनही सगळे त्यांना फोरमनच म्हणत. बोलणं मात्र त्यांची लेक करत होती. तिला घाई झाली होती.

"बाबा आता चालवत नाहीत. गुडघे गेलेत त्यांचे," ती म्हणाली. "गाडी नुसती उभी राहून खराब होतेय. तुम्ही घेतलीत तर चांगलंच आहे."

 टपावरून हात फिरवत फोरमन मागे गेले आणि न बघताच त्यांनी मागचं दार उचललं. आत हात घालून सीटची पाठ खटकन् आडवी केली. पेंटरबाईनं मनातल्या मनात शिडी आत सरकवली. बरोब्बर बसत होती. तिचा चेहरा फुलला, तशी सासूबाईंनी तिला कोपरानं ढोसलं.

"मागे बसून बघते. गुडघे मावायला हवेत," असं म्हणून सीट पुन्हा उभी करवून सासूबाई मागे जाऊन बसल्या.

लेकीनं इंजिन सुरू करून दाखवलं. इतक्यात घरात फोन वाजायला लागला. "कामावरूनच असणार. आलेच हं," म्हणत ती आत पळाली. किल्ली गाडीलाच राहिली.

फोरमन चालकाच्या सीटवर बसले. "या पेंटरबाई, एक फेरी मारू. गार असताना ही नवख्याचं ऐकत नाही. चौकापर्यंत मी नेतो, तिथून तुम्ही घ्या."

भावाची व्हॅन चालवून तिचा हात बसलेला होता. ती मीच चालवते म्हणणार होती. पण एवढ्या वयाचा माणूस, त्याची स्वतःची गाडी, निरोपाची फेरी. नाही कसं म्हणायचं? ती शेजारी बसली.

त्यांनी क्लच असा सोडला की गाडी हलली ते कळलंही नाही. फाटक, वळण, गल्ली, मोठा रस्ता. गिअर लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. "गुडघे तर ठणठणीत दिसतात यांचे," सासूबाई मागून पुटपुटल्या.

पेंटरबाईलाही तेच वाटत होतं. इतक्यात गाडी एका उभ्या रिक्षाला इतकी चाटून गेली की तिनं अंग चोरलं. फोरमनच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पुढे एक सायकलवाला शिव्या देत बाजूला झाला. त्याच्याकडेही त्यांनी बघितलं नाही. त्यांची नजर समोर कुठंतरी दूर लागलेली होती, रेडिओ ऐकणाऱ्या माणसाची असते तशी.

चौक आला. गाडीचा वेग कमी होईना.

"बाई," ते अगदी सहज म्हणाले, "दिवा कुठला आहे?"

"लाल! अहो, लाल आहे!"

त्यांनी ब्रेक दाबला. सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

 पेंटरबाईला खात्री करून घ्यायची होती. समोरच्या कोपऱ्यावर पुरुषभर अक्षरांची पिवळी पाटी होती. मागल्याच महिन्यात तिनंच रंगवलेली. "फोरमन, त्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं नाव काय हो?"

"ते? कापडवाल्याचं आहे ते. जुनं दुकान."

कापडवाला केव्हाच दुकान विकून गेला होता. पाटी चष्म्याच्या दुकानाची होती.

"चौक आला," तिनं आवाज सांभाळत म्हटलं. "आता द्या मला. बाजूला घ्या गाडी."

"घेतो, घेतो."

उतरावं का, हा विचार तिच्या डोक्यात येऊन गेला. पण मागे आई होत्या, आणि त्यांना गाडीतून उतरायला एक सोहळा लागायचा. तेवढ्यात मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला. तो ऐकूनच फोरमननी ओळखलं की दिवा हिरवा झालाय, आणि गाडी चौक ओलांडून पुढे निघाली.

"अहो, थांबायचं ठरलं होतं!"

"कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन येऊ. इथून सरळ रस्ता आहे." त्यांचा आवाज मऊ झाला होता. "लेकीनं किल्ली लपवून ठेवली होती. आज गिऱ्हाईक येणार म्हणून बाहेर काढली. पुन्हा कुठली मिळतेय?"

"हा माणूस आंधळा आहे का?" सासूबाई मागून कडाडल्या.

गाडीला एक झोका बसला. फोरमनचे हात स्टिअरिंगवर थरथरले होते. पेंटरबाईनं मागे वळून हातानंच सासूला गप्प बसवलं. आरडाओरडा केला तर हा माणूस बिथरेल आणि आपण कुणाच्या तरी अंगावर जाऊ, हे तिला लख्ख दिसलं. शिडीच्या टोकावर पाय सटकतो तेव्हा खाली बघायचं नसतं. ती हळू आवाजात बोलायला लागली.

"डावीकडे हातगाडी आहे. थोडं उजवीकडे घ्या. बास. आता सरळ. हळू, पुढे बस थांबलीय. थांबा. थांबा म्हणते ना. हां. गेली बस. चला."

ते तिचं ऐकत होते, आणि ऐकत नव्हते. हातगाडी, बस, माणसं, सगळ्याला मान देत होते. पण "बाजूला घ्या" म्हटलं की जणू कान बंद. सासूबाईंनी दाराची मूठ घट्ट धरली होती आणि ओठ मिटून घेतले होते. 

वस्ती विरळ झाली. रस्ता रुंद आणि रिकामा झाला, तशी फोरमननी पाठ ताठ केली आणि गिअर बदलला.

"वेग कमी करा."

"इथं कोण असतं? पाळी सुटायच्या वेळी सायकलींचा पूर यायचा या रस्त्यावर. त्यातूनही कुणाला धक्का न लावता यायचो मी. आता तर मोकळाच आहे." ते हसले. "डोळे मिटून सांगतो, पुढे चिंचेची दोन झाडं आहेत, आणि मग गेट."

झाडं नव्हती. तिला समोर मातीचा ढिगारा दिसला. त्याच्यापुढे रस्ता आडवा खणलेला होता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ना पाटी, ना दोरी. दोन पिंपं तेवढी ठेवलेली, आणि पिंपांच्या अलीकडे एक माणूस वाकून फावड्यानं माती ओढत होता. त्याची पाठ इकडे होती.

"थांबा! रस्ता खणलाय!"

"नाही हो. सरळ रस्ता आहे."

"माणूस आहे पुढे! ब्रेक मारा!"

"कुठं आहे?" त्यांनी विचारलं, आणि शोधायला म्हणून मान पुढे काढली. पाय मात्र होता तिथंच राहिला.

तिनं दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला आणि अंगाचा सगळा भार टाकून वर ओढला.

मागची चाकं किंचाळली. गाडीचं ढुंगण एका बाजूला फिरलं, आभाळ आणि माती काचेतून सरकत गेली, मागे सासूबाई एका दारावरून दुसऱ्या दारावर आदळल्या. आता फोरमननीही ब्रेक दाबला होता. धाड्कन पुढचा कोपरा पिंपावर बसला. काच फुटली. इंजिन बंद पडलं.

धूळ खाली बसली तेव्हा फावडंवाला तिच्या खिडकीशी उभा होता. हात लांब केला असता तर तिला त्याच्या सदऱ्याला शिवता आलं असतं. त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. मग फुटला, आणि सात पिढ्यांचा उद्धार झाला.

"आई?" ती मागे वळली.

"आहे. हाडं मोजते आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं.

फोरमन स्टिअरिंग धरून बसले होते. "माणूस होता?"

"होता."

"लागलं त्याला?"

"नाही."

"किती अंतर राहिलं?"

तिनं हँडब्रेकवरची बोटं एकेक करून सोडवली. 

ते चाचपडत खाली उतरले. शिव्यांच्या आवाजाच्या दिशेनं चालत गेले आणि त्या माणसापुढे हात जोडले. "मला दिसला नाहीत तुम्ही. खरंच दिसलं नाही." फावडंवाला आणखी काही बोलणार होता. पण म्हाताऱ्याची नजर आपल्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागलीय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचं बोलणं अडकलं. "घरी न्या यांना," तो पेंटरबाईला म्हणाला आणि फावडं टाकून खाली बसला.

परतताना गाडी तिनं चालवली. सुरुवातीला दोनदा बंद पडली. फोरमन शेजारी, मांडीवर हात ठेवून. गल्लीचं वळण आलं.

"लेकीला सांगू नका," ते अखेर म्हणाले. "तुम्ही चालवत होता म्हणा. मागे घेताना दगड लागला. दिवा माझ्याकडून."

तिला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी तळपायाची आग मस्तकात गेली.  उत्तर मागच्या सीटवरून आलं.

"माझी सून खोटं बोलणार नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तुमच्यासाठी मीही बोलणार नाही. आज झाकलंत तर उद्या दुसऱ्या कुणाची किल्ली शोधाल. तुम्ही सांगा. नाही जमलं तर मी सांगते, आणि मला गोड बोलता येत नाही."

लेक फाटकातच होती, अनवाणी. रस्त्याच्या दोन्ही टोकांना जाऊन आली असावी. फुटलेला दिवा तिनं आधी पाहिला, मग वडील कुठल्या बाजूनं उतरतात ते पाहिलं.

"मी चालवत होतो," फोरमन म्हणाले. "माणूस मरता मरता वाचला. मला दिसत नाही गं. डाव्या डोळ्यानं काहीच नाही. उजव्यानं धुकं."

ती ओरडेल असं पेंटरबाईला वाटलं होतं. ती पायरीवर बसली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर गुडघ्यांचं नाव सांगत होते लोकांना. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि किल्ली मीच लावून आत गेले." मग एकदम उठली. "नाही विकायची ही गाडी. भंगारात जाऊ दे. डोळ्यांसमोर नको."

पेंटरबाईनं फुटलेल्या दिव्याकडे बघितलं.  हे सगळं झाल्यावर गाडीचं नाव कसं काढायचं? पण तिला ती हवी होती. परतीच्या वाटेवर, भीती अंगात असतानाच, तिला ते कळलं होतं आणि त्याची लाजही वाटली होती.

"भंगारात कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "गाडीनं काय केलंय? ओढलं तशी थांबली बिचारी. सूनबाई, घ्यायची असेल तर घे. पण फुटलेल्या दिव्याचे पैसे कापून."

फोरमन हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि ते घराकडे तोंड करून उभे राहिले.

तो दिवा काही मिळाला नाही. असल्या गाडीचा दिवा कुठं मिळायचा? गॅरेजवाल्यानं दुसऱ्याच कुठल्या गाडीचा कापून बसवला. तेव्हापासून वॅगन एक डोळा मिचकावल्यासारखी दिसते. पेंटरबाईची शिडी मागे आडवी मावते, आणि टेम्पोवाल्याशी तिचं बोलणं संपलं.

पावसाळा संपता संपता लेकीनं फोन केला. डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख मिळाली होती. डाव्या डोळ्याची आशा नव्हती, उजव्याचं काही होईल असं डॉक्टर म्हणत होते, आणि तिला रजा मिळत नव्हती. "तुम्हाला विचारायलाही बरं वाटत नाही," ती म्हणाली. पेंटरबाईनं कामाची वेळ पुढे ढकलली.

फोरमन शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला, आणि वाटभर हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. चौकात लाल दिवा लागला तेव्हा "लाल आहे," असं म्हणत तिनं सहज खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय पायाखालच्या रिकाम्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता. तिनं ब्रेक दाबला. गाडी थांबली, तसा त्यांनी पाय सैल सोडला.

"छान थांबवता हो," ते म्हणाले.